शिलालेख म्हणजे जमिनीचा उतारा नव्हे

आमच्या बेळगाव भागात शेत नांगरताना किंवा देवळाच्या जीर्णोद्धारात कोरीव दगड निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला : कुठल्या भाषेतला? कन्नड अक्षरं निघाली तर एका गोटात समाधान, नागरी दिसली तर दुसऱ्या. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, खाली शेरे पडतात, जुन्या शिव्या नव्यानं दिल्या जातात. त्या दगडावर लिहिलंय काय, हे विचारायचं मात्र राहून जातं.

१ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण या सगळ्या वर्षांत मराठी आणि कन्नड दोघांनाही एक खोड जडली आहे. जुनी वस्तू दिसली की तिच्याकडं आपण जमिनीच्या उताऱ्यासारखं बघतो : नाव कुणाचं लागलंय, आपलं की त्यांचं? त्या खोडीनं सीमाप्रश्न तसूभर पुढं सरकलेला नाही. वस्तूंचं मात्र नुकसान झालं, आणि त्या ज्या संग्रहालयांत ठेवल्या आहेत त्यांचंही.

म्हणून सीमाभागातल्या सरकारी आणि सार्वजनिक संग्रहालयांनी प्रत्येक वस्तूखाली दोन गोष्टी कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहाव्यात, असं माझं म्हणणं आहे : ती कुठल्या गावात सापडली, आणि तिच्यावर काय कोरलंय किंवा दाखवलंय. आणि ही मागणी करणाऱ्या मराठी माणसांनी आधी त्या संग्रहालयांची पायरी चढावी. ही पायरी चढण्याची गोष्ट मला पाट्यांपेक्षा अवघड वाटते.

उताऱ्याच्या नजरेनं काय निसटतं, याचं उदाहरण आमच्या किल्ल्यातलंच आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे कमळाच्या छताचं जैन देऊळ, सगळ्यांना ठाऊक असते. छतातल्या उमलत्या दगडी कमळाखाली मान वर करून फोटो काढल्याशिवाय पाहुणा परतत नाही. ही रट्टांच्या राजवटीतली वास्तू. चौथा कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन यांचा तो काळ. तेव्हा या गावाचं नाव वेणुग्राम. त्यांचा मंत्री बीचण यानं इथं रट्ट जिनालय उभारलं आणि त्याला मिळालेल्या दानांचे लेख दगडावर कोरवले. १२०४ सालचे असे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचं वाचन अभ्यासक बार्नेट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या तेराव्या खंडात छापलं, त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली.

लेखांची भाषा जुनी कन्नड, अधूनमधून संस्कृत. हे झाकण्यात अर्थ नाही आणि त्यावरून मराठी माणसानं नाराज व्हावं असंही त्यात काही नाही. पण ‘कन्नड आहे’ एवढं म्हणून कन्नड अभिमानी थांबला आणि ‘कन्नड आहे’ एवढं ऐकून मराठी अभिमानी उठून गेला, तर दोघांच्याही हातून त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट जाते. दान देणाऱ्यांत कुंडी प्रांतातले इथले व्यापारी तर आहेतच, शिवाय लाटदेशाचे, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातकडचे, आणि मलयाळ देशाचे, म्हणजे केरळकडचेही व्यापारी आहेत. आठशे वर्षांपूर्वी वेणुग्रामच्या पेठेत एवढ्या लांबची माणसं दुकान मांडून होती आणि गावातल्या जैन देवळासाठी आपल्या मालावरचा वाटा काढून देत होती. ती आपसांत कुठल्या भाषेत भाव करत असतील? दगडावर ते लिहिलेलं नाही. आज खडेबाजारात एकच दुकानदार तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलतो तेव्हा मला ते व्यापारी आठवतात. हा लेख बेळगावात तीन भाषांत लिहून लावला असता, तर शाळेतल्या पोरांना आपल्या गावाची ओळख ‘वादग्रस्त भाग’ याच्या आधी ‘व्यापारी पेठ’ अशी झाली असती.

खानापूर तालुक्यातल्या हलशीचंही तेच. आज भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी लोक जातात, पण हे गाव म्हणजे कदंब राजांच्या काळातली पलाशिका. चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळच्या उंचवट्यात एकोणिसाव्या शतकात ताम्रपटांचे संच सापडले, जुन्या लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते वाचले. मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं जिनालय, रविवर्म्यानं कार्तिकात दरवर्षी आठ दिवसांच्या जैन उत्सवासाठी लावून दिलेली व्यवस्था, अशी कामाची माहिती त्यांत आहे. भाषा संस्कृत. म्हणजे दोन्ही गोटांना त्यात रस नाही, आणि हलशीला जाणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना हे ताम्रपट ऐकूनही माहीत नसतात.

आता कित्तूर. बेळगावहून धारवाडकडं पन्नासेक किलोमीटर, हमरस्त्याला लागून. किल्ल्यात पडक्या वाड्याचे चौथरे, भिंती, ध्रुवतारा बघायची जागा, आणि आवारातच राज्य पुरातत्त्व खात्याचं १९६७ पासूनचं संग्रहालय. तलवारी आहेत, चिलखतं आहेत, वाड्याचे कोरीव लाकडी दरवाजे-खिडक्या आहेत, आणि आजूबाजूच्या मुलखातून आणलेल्या मूर्ती, वीरगळ (लढताना मेलेल्यांच्या स्मरणाचे दगड), शिलालेख आहेत. २३ ऑक्टोबर १८२४ ला याच किल्ल्यापुढं धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. कित्तूरची राणी चन्नम्मा पुढं पकडली गेली आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारली. तिच्या बाजूनं लढलेला संगोळ्ळी रायण्णा खानापूर तालुक्यातल्या नंदगडला १८३१ मध्ये फासावर गेला. नंदगडच्या बाजाराला आमच्यातली निम्मी माणसं जातात. चन्नम्मेचं माहेर काकती तर बेळगावच्या वेशीवर. पुण्याची गाडी त्याच गावावरून जाते.

इतकं सगळं दाराशी असून बेळगावचा मराठी माणूस मुलांना ‘इतिहास दाखवायला’ कुठं नेतो? कोल्हापूरला नवा राजवाडा, पन्हाळा, पुण्यात केळकर संग्रहालय, रायगड. जावंच. पण कित्तूरचं नाव काढलं की एक प्रकारचं अवघडलेपण येतं. ‘ते त्यांचं’ असं कुणी तोंडानं म्हणत नाही, पण सहल ठरवताना ते नाव आपोआप गळतं. मला हे पटत नाही. पेशवाई बुडाल्यावर सहा वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात कुणी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं, ती बाई कुठली भाषा बोलायची यावर तिच्याकडं जायचं की नाही हे ठरवणं कोतेपणाचं आहे. शिवाय कित्तूरच्या देसाई घराण्याचा पेशव्यांशी संबंध होता, कधी स्नेहाचा, बराच काळ ताणाचा. त्या काळातल्या मराठी दरबाराशी व्यवहार म्हणजे मोडी कागद आलेच. कित्तूरची गोष्ट मराठी कागदांशिवाय पुरी सांगता येत नाही आणि बेळगावची कन्नड दगडांशिवाय.

अवघडलेपणाचं दुसरं कारण मात्र आपल्या हातातलं नाही. राज्यातल्या संग्रहालयांत पाट्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असतात. पन्नाशी-साठीच्या पुढचा, मराठी शाळेत शिकलेला खेड्यातला माणूस या दोन्हींपुढं निरक्षर ठरतो. आमच्या भागातल्या एका संग्रहालयात, नाव सांगत नाही, एक आजी आणि सातवी-आठवीतला नातू माझ्यापुढं चालत होते. दोघं एका वीरगळापाशी थांबले.

“काय लिवलंय रे त्येच्यावर?”

“वीरगल्लु म्हणून लिवलंय आज्जी. हन्नेरडने शतमान.”

“म्हंजे?”

“बारावं शतक.”

“आणि ह्यो कोण?”

“ते लिवलेलं नाही.”

दगड कमरेएवढा, वरची कड झिजलेली. खालच्या पट्टीत लढाई : एक माणूस तलवार उगारून, समोर दोघे भालेवाले, आणि त्याच्या पाठीमागं एकापुढं एक चार गुरांची तोंडं. मधल्या पट्टीत त्याच माणसाला दोन्ही बाजूंनी धरून अप्सरा वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी, माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेतो याची कीर्ती राहो. आजीनं पाटीचा नाद सोडला आणि गुरांवर बोट ठेवलं. “गुरं सोडवताना मेलाय बघ ह्यो. आमच्या गावात मारुतीपशी हाय की असला दगूड. तेल घालत्यात त्येला.”

पाटीपेक्षा आजीला जास्त कळलं होतं, हे तर झालंच. मला लागलं ते वेगळं. हा गुरं राखणारा गडी कुठल्या गावचा, हे त्या पाटीवर नव्हतं, कन्नडमध्येही नव्हतं आणि इंग्रजीतही. ‘वीरगळ, बारावं शतक, दगड.’ दगड आहे हे आम्हाला दिसतच होतं! वीरगळ हा त्याच गावच्या माणसांनी आपल्या गावासाठी मेलेल्या माणसाचा उभा केलेला असतो. तो गावातून उचलून आणला आणि गावाचं नाव पुसलं की उरतो फक्त नक्षीचा नमुना. मागणीत मी सापडल्या जागेला भाषेच्या आधी ठेवतो ते यासाठी. उद्या कुणी तीन भाषांत ‘वीरगळ, बारावं शतक, दगड’ असं लिहून दिलं तर तीनदा काहीच सांगितलं नाही, एवढाच अर्थ होईल.

तिन्ही भाषांत पाट्या म्हटल्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. एक, पोरं कन्नड शिकतातच, त्यांना वाचता येतं. येतं, आणि चांगलं आहे. माझ्या ओळखीतली मराठी मुलं कन्नड वाचतात, त्यातली काही आवडीनं. पण संग्रहालय हे नातवानं आजीला घेऊन जायचं ठिकाण आहे. आजीसाठी दुभाषा घेऊन जायचं असेल तर मग पाटीचं काम काय? दोन, मराठीला दिली तर उर्दूला का नाही, कोंकणीला का नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या सफा मशिदीवर फारसी लेख आहे, त्याचा अर्थ उर्दूतही द्यावा, माझी काहीच हरकत नाही. जिथं ज्या भाषेचा वाचक मोठ्या संख्येनं येतो तिथं ती भाषा यावी, यात कुठली मेहेरबानी नाही. भाषक अल्पसंख्याकांना सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात यासाठी केंद्रानं घालून दिलेला पंधरा टक्क्यांचा निकष काही काल-परवाचा नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात मराठी किती, हे मोजायला आयोग नेमायला नको.

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी मांडत नाही, पण खरा तोच : मराठीत पाटी लावली तर गाव मराठी ठरेल. म्हणजे परत उताराच. याला माझं उत्तर श्रवणबेळगोळचं आहे. गोमटेश्वराच्या पायाशी, मूर्ती चामुंडरायानं करवली, हे कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीत कोरलेलं आहे. ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ हे त्यातलं मराठी वाक्य आपण शाळेत घोकलं, आणि घोकताना फक्त ‘आद्य मराठी शिलालेख’ या मानापुरतं घोकलं. तो मान पुढं रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या लेखानं मागितला, त्यावर विद्वानांचे वाद झाले. पण वाक्य कुणासाठी कोरलं होतं? दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. दूरदूरहून तीन भाषांची माणसं येतात, तर प्रत्येकाला आपल्या भाषेत कळावं, इतका सरळ हिशेब. हासन जिल्ह्यातला तो डोंगर त्या एका ओळीनं महाराष्ट्राचा झाला नाही आणि तमिळनाडूचाही झाला नाही. कर्नाटकाला तीन भाषांच्या पाटीचा धडा बाहेरून घ्यायची गरजच नाही, तो त्याच्या सर्वांत मोठ्या अखंड दगडी मूर्तीच्या पायाशी आहे.

कन्नड बाजूच्या संशयाला इतिहास आहे, हेही मराठी वाचकानं माहीत करून घ्यावं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या कचेऱ्यांत आणि सरकारी शाळांत मराठीच चालायची. घरात कन्नड बोलणारी मुलंही मराठीत अक्षर गिरवायची. ते बदलून कन्नड शाळा उभ्या करायला डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी बेळगाव-धारवाड भागात हाडाची काडं केली. ज्यांच्या आज्या-पणज्यांना आपल्याच गावात परकी भाषा शिकावी लागली, त्यांना मराठी पाटीत जुनी सत्ता दिसत असेल तर तो नुसता हट्ट म्हणून उडवता येत नाही. मात्र आज तीच गोष्ट उलट्या बाजूनं घडत असेल तर तीही तितकीच खुपणारी, एवढं त्यांनीही मानावं.

आपल्या राजकारणाचा जीव मात्र पुतळ्यांत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवरायांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली, लगोलग इकडं अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली, आणि शहर दगडफेकीनं हादरलं. मार्च २०२३ मध्ये येळ्ळूरच्या राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचं आठवड्याच्या आत दोन वेळा अनावरण झालं, एकदा भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, एकदा काँग्रेसवाल्यांकडून. निवडणूक तोंडावर होती. पुतळ्याला हार घालता येतो, त्याच्याखाली घोषणा देता येतात, त्याला वाचावं लागत नाही. संग्रहालयात घोषणा देऊन काही मिळत नाही, म्हणून तिथं कुणी फिरकत नाही.

आता आपल्या घरात डोकावतो. सीमाभागातल्या कितीतरी जुन्या मराठी घरांत माळ्यावर, फडताळात, पत्र्याच्या पेटीत मोडी कागद आहेत : वतनाच्या सनदा, कर्जखतं, वाटणीपत्रं, देवस्थानचे हिशेब. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूरकडं, रामदुर्गचं संस्थान वेगळं. १९४८-४९ मध्ये संस्थानं मुंबई राज्यात आली आणि पुढं सात-आठ वर्षांत जिल्हाच दुसऱ्या राज्यात गेला. त्यामुळं इथल्या माणसांचे कागद पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत पांगले, आणि जे घरात राहिले ते वाचणारं कुणी उरलं नाही. मग घर पाडून अपार्टमेंट बांधायची वेळ आली की पेटी रद्दीवाल्याकडं. ‘मराठी संस्कृतीचं रक्षण’ असं बॅनरवर लिहिणारी आपण माणसं. घटनेच्या २९ व्या कलमात भाषेबरोबर लिपी जपण्याचाही हक्क आहे, तो आपण रोज किलोच्या भावानं विकतो. याचा दोष बंगळूरच्या सरकारवर टाकता येणार नाही.

वस्तूंचंही तसंच. किर्लोस्कर रोडवरून रोज हजारो लोक जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच गावात सायकलचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळं सुरुवातीचे नांगर दोन वर्षं पडून राहिले. नगरपालिकेनं जागा सोडायला लावल्यावर ते १९१० मध्ये कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. काळ्या मातीत चाललेला तो जुना नांगर आणि त्याच्याखाली ही हकीकत कन्नड आणि मराठी दोन्हींत, हे बघायला बैलहोंगलचा कन्नड शेतकरीही थांबेल, कारण तसा नांगर त्याच्या आजोबांनीही धरलेला असणार. असे नांगर गोठ्यांत गंजत पडले असतील. ते द्यायला जागा हवी, आणि देणाऱ्याला भरवसा हवा की खाली त्याच्या गावाचं नाव त्याला वाचता येईल असं लिहिलं जाईल. म्हणून पाटीची मागणी आणि पेटी उघडणं या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत.

ज्याला अजूनही वाटतं की आपल्या माणसांची वाटणी भाषेवर करता येते, त्यानं बेळगावच्या टिळकवाडीतल्या वीरसौध या स्मारकात जावं. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, बेळगावच्या १९२४ च्या डिसेंबरातल्या अधिवेशनात. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून तिथं आहे. ते अधिवेशन ज्यांनी खांद्यावर घेतलं ते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. टिळकांचे कट्टर अनुयायी. टिळकांची होमरूल लीगही १९१६ मध्ये बेळगावातच स्थापन झाली. लोक गंगाधररावांना ‘कर्नाटक केसरी’ म्हणायचे, आणि त्यांनी आपली आत्मकथा लिहिली ती मराठीत. त्याच अधिवेशनाच्या वेळी बेळगावात कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली. गंगाधररावांच्या फोटोखालची ओळ एकाच भाषेत लिहायची असेल तर ती कुठली, हे मला दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनी सांगावं.

करायचं ते फार खर्चाचं नाही. लंडनमधल्या त्या दोन शिलालेखांचे साचे किंवा त्रिमितीय प्रती मागवता येतील. कुठल्याही पुतळ्याच्या चौथऱ्यापेक्षा ते स्वस्त पडेल. त्या किल्ल्यात, कमल बस्तीच्या आसपास, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं मांडाव्यात. शेजारी पूर्ण वाचन आणि अर्थ कन्नड, मराठी, इंग्रजीत. फोनवर ऐकायची सोय झाली तर ज्यांना तिन्हींपैकी एकही लिपी येत नाही त्यांचंही भागेल. भाषांतर विद्यापीठातल्या कन्नड आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी जोडीनं करावं, म्हणजे पुढं घराघरांतले मोडी कागद वाचायला तीच जोडी तयार मिळेल; गावातल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एक रविवार पेट्या घेऊन या म्हटलं तर लोक येतील. मूळ कागद घरमालकाकडंच राहावा, प्रत तेवढी संग्रहात जावी. उद्घाटनाला लाटदेशाच्या आणि मलयाळच्या व्यापाऱ्यांची यादी एका मुलानं कन्नडमध्ये वाचावी, एका मुलीनं मराठीत. आमदार-खासदारांना बोलवायचं राहिलं तरी चालेल.